थल्लूसाची दीर्घ ई

मिंतुर्ने गावाच्या वेशीबाहेर, आप्पिया रस्त्याच्या कडेला जिथून थडगी सुरू होतात, तिथलं पहिलंच दुकान थल्लूसाचं. दुकान म्हणजे पुढे द्राक्षवेलीचा मांडव, मागे एक खोली आणि अंगणभर उभे-आडवे पडलेले दगड. गावात कुणी गेलं की चार दिवसांनी घरचं माणूस तिथे यायचं. थल्लूसा त्याला बाकावर बसवायची, पाणी घातलेली वाइन पुढे ठेवायची आणि विचारायची, "कसा गेला म्हणून लिहू?"

पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळून जायचा. मेला तो मेला, त्यात कसा म्हणजे काय? मग ती सांगायची. पिकल्या वयात, पोराबाळांच्या गराड्यात गेला असेल, तर 'निघून गेला' लिहू. आपल्या वाट्याचं कामधाम केलं आणि घरातच डोळे मिटले, तर 'आपला दिवस गाठला'. बुडाला, जळाला, समुद्रावरून परत आलाच नाही, तर 'नाहीसा झाला'. आणि लढाईत पडला असेल तर त्यांच्या भाषेत 'ओक्किदित'. पडला. सूर्य मावळतो त्यालाही हाच शब्द. मासळीबाजारात मांजराने टोपलीतला मासा पळवला की कोळीण कपाळाला हात लावून 'मेले' म्हणते, तेही ह्याच शब्दाने.

लोक म्हणायचे, ह्या बाईला मरणाची फार बारीक माहिती आहे. होती खरी. त्यातलं निम्मं ती शाळेच्या दाराबाहेर बसून शिकली होती आणि उरलेलं नदीच्या धक्क्यावर.

ती जन्माने दासी. मिनातिउस गुरुजींच्या घरी तिची आई स्वयंपाक करायची. गुरुजी गावातल्या खात्यापित्या घरांतल्या पोरांना भाषा शिकवायचे, आणि पोरांच्या पाट्यांवरचं मेण पुसून गुळगुळीत करायचं काम थल्लूसाकडे होतं. पोरं घोकायची, ती ऐकायची. पोरं विसरायची, ती विसरायची नाही.

"ओक्किदित," गुरुजी म्हणायचे. "मधली इ ऱ्हस्व. जीभ टेकवली की उचलली. अर्थ काय?"

"मेला," पोरं म्हणायची.

"ओक्कीदित. मधली ई दीर्घ. अर्थ?"

"मारलं."

मराठीत मर आणि मार ह्यांत जसा एका कान्याचा फरक, तितकाच हा. पण लिहिताना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. दीर्घ ई दाखवायची असली तर नीट लिहिणारा माणूस इ-ईचं ते उभ्या काठीसारखं अक्षर जरा उंच काढतो, ओळीच्या वर डोकं काढेल इतकं. एका पोराने एकदा 'सूर्य मावळला' वाचताना ई लांबवली. गुरुजी छडी खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे सूर्याने खून केला. आता त्याला धरून आणायला कोण जाणार, तुझा बाप?" पोरं खूप हसली. थल्लूसा दाराआड बसून पाटी पुसत होती, तीही हसली, आणि ती उंच काठी तिच्या डोक्यात पक्की बसली.

गुरुजी वारले तेव्हा मृत्युपत्रात त्यांनी तिला मोकळं केलं होतं. ती चोवीस वर्षांची होती. हात वळणदार होता, कुंचला धरता येत होता. दगडावर अक्षरं आखणारं माणूस गावात नव्हतं. अमरांतुस नावाच्या पाथरवटाने तिला कामाला बोलावलं आणि दुसऱ्या वर्षी लग्न केलं.

अमरांतुस रुंद खांद्यांचा, तोंडाने सतत गुणगुणणारा माणूस. त्याला वाचता येत नव्हतं. थल्लूसा गेरूने अक्षरं काढायची आणि तो त्यांच्यावरून छिन्नी चालवायचा. मध्येच थांबून विचारायचा, "ह्याचं पोट भरलं का गं?" पोट भरलं म्हणजे गोल अक्षर पुरेसं गोल झालं का. ती म्हणायची, "अजून उपाशी आहे." तो आणखी दोन टोले द्यायचा. अकरा वर्षं त्यांनी असं काम केलं. मिंतुर्नेच्या रस्त्यावरून जाताना आजही कुठलं थडगं त्यांच्या हातचं ते ओळखू येतं. त्यातली गोल अक्षरं तृप्त दिसतात.

अमरांतुस कसा गेला, ते आता सांगायला हवं.

गायुस पापिउस रुल्लुस हा गावातला मोठा माणूस. नदीकाठच्या कुंभारभट्ट्या त्याच्या, मालाच्या मोठ्या होड्या, म्हणजे पडाव, त्याचे. त्या वर्षी रस्ते आणि बाजार त्याच्या ताब्यात होते, आणि आपल्या नावाची खांबांची ओसरी बाजारात उभी करायचं त्याने मनावर घेतलं होतं. त्यासाठी लूनाच्या खाणीतून संगमरवर आला. समुद्रातून लिरिस नदीत, नदीतून धक्क्यावर. त्याच दिवशी त्याने कापुआहून पाहुणे बोलावले होते. दगड पडावावरून उचलला जाताना त्यांना दाखवायचा होता.

दगड उचलायला अमरांतुस होता. थल्लूसा शेजारीच रंगाची टोपली घेऊन उभी होती, कारण दगड उतरला की लगेच त्यावर खूण करायची होती. अमरांतुसने दोरखंड हाताने चाचपला आणि म्हणाला, "मालक, हा आतून कुजलाय. दुसरा मागवतो. तासभर लागेल."

"तासाभरात पाहुण्यांचं जेवण थंड होईल," रुल्लुस म्हणाला. "ओढा."

"खाली पडावावर चार माणसं आहेत."

"मी तुला माणसं मोजायला नाही ठेवलेलं."

अमरांतुस दगड ओढायच्या रहाटापुढे जाऊन उभा राहिला. हात पसरले नाहीत, आवाज चढवला नाही. नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "मी इथे आहे तोवर हा दोर ओढायचा नाही." रहाटावरची माणसं थांबली. पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. रुल्लुसच्या हातात लोखंडी टोकाची काठी असायची. त्याने ती उचलली आणि अमरांतुसच्या कानामागे घातली. तो गुडघ्यावर आला. रुल्लुसने दुसऱ्यांदा घातली.

सूर्य मावळायच्या आत अमरांतुस गेला. तोवर त्याचं डोकं थल्लूसाच्या मांडीवर होतं, आणि तिच्या हातांना लागलेला लाल रंग कुठला आणि रक्त कुठलं हे तिला वेगळं करता येत नव्हतं.

चौकशी झाली. रहाटावरचे, पडावावरचे, सगळे रुल्लुसच्या पदरचे. मुकादम विबिदिउस पुढे आला आणि सगळ्यांच्या वतीने म्हणाला, "धक्का ओला होता. घसरला आणि पडला." थल्लूसाने सांगितलं तेव्हा न्यायाला बसलेला माणूस गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुझ्यावर दुःख कोसळलंय. अशा वेळी डोळे काहीही दाखवतात." रुल्लुसच्या बायकोचा तो भाऊ.

कारकुनाने मेणपाटीवर लिहिलं. थल्लूसा म्हणाली, "काय लिहिलं ते वाचून दाखवा."

कारकुनाने वाचलं, "अमरांतुस पाथरवट. धक्क्यावर ओक्किदित." इ ऱ्हस्व. जीभ टेकवली की उचलली.

"परत वाचा."

"ओक्किदित," कारकून म्हणाला. "पडला. मेला. लिहायला-वाचायला येतं ना गं तुला?"

"येतं," थल्लूसा म्हणाली, आणि घरी आली.

पुढची सात वर्षं ती कशी जगली हे ज्यांनी पाहिलं, ते म्हणतात की ती रडली नाही. ते खरं नाही. ती रडायची, पण दगड घासताना, कारण तेव्हा डोळ्यांत धूळ जातेच. बाकी वेळ ती द्वेष करायची. द्वेष ती रोज नेमाने करायची, जसं कुणी रोज चूल पेटवतं. रुल्लुसच्या तळ्यातली मासळी तिने कधी घरात आणली नाही. त्याच्या भट्टीतलं मडकं आणलं नाही, त्याच्या नावाच्या ओसरीखालून ती गेली नाही, ऊन असो की पाऊस, लांबचा वळसा घालायची. पहिल्या वर्षी तिने धोतऱ्याचं बी वाटून ठेवलं होतं. त्याच्या स्वयंपाक्यापर्यंत पोचता येईना. तिसऱ्या वर्षी ती छिन्नी कमरेला खोचून स्नानगृहाच्या दारात उभी राहिली. तो बाहेर आला, गुलाबी, तेल लावलेला, चार नोकर मागे-पुढे. तिच्या शेजारून गेला. त्याने तिला ओळखलंही नाही. त्या दिवशी तिच्या लक्षात आलं की नुसतं मारून भागणार नाही. मारलं तर तो मरेल आणि सुटेल. वर गावातला कुणीतरी त्याच्या थडग्यावर 'निघून गेला' असं लिहील.

अमरांतुस गेल्यावर त्याचा मित्र लुक्रिओ तिच्याकडे छिन्नीच्या कामाला आला. एका डोळ्याने अधू, पण हात स्थिर. तो तिला म्हणायचा, "थल्लूसे, सोड आता. तू त्याला रोज आठवतेस आणि तो तुला आठवतही नाही. ह्यात झिजतंय कोण?"

"तू दगडाचं बघ," ती म्हणायची.

आठव्या वर्षी हिवाळा संपताना रुल्लुस स्वतः दुकानात आला. बरोबर त्याचा चिटणीस एपाफ्रा. अंगावर खडूने पांढरा केलेला झगा, म्हणजे निवडणुकीला उभा होता. गावाचे दोन प्रमुख निवडायचे होते आणि त्याला त्यातला एक व्हायचं होतं. अडचण एकच होती. धक्क्यावरची माणसं त्याला मत देईनात. कोळिणी अमरांतुस गेला ती जागा ओलांडताना थुंकायच्या. सात वर्षं झाली तरी थुंकायच्या.

तो बाकावर बसला. थल्लूसाने त्याच्यापुढे काही ठेवलं नाही.

"तुझा नवरा चांगला कारागीर होता," तो म्हणाला. "त्याच्या नावाने धक्क्यावर एक दगड उभारायचा माझ्या मनात आहे. माझ्या खर्चाने. पितरांच्या दिवसांत, सगळ्या गावासमोर. तूच आखलास तर लोकांना बरं वाटेल."

लुक्रिओच्या हातातला हातोडा हवेतच थांबला. त्याला वाटलं, आता ही रंगाचं भांडं त्या पांढऱ्या झग्यावर ओतणार.

थल्लूसा म्हणाली, "आखीन. काय लिहायचं ते तुम्ही सांगा, मालक."

एपाफ्राने पाटी पुढे केली. मजकूर तयारच होता. वरती नेहमीसारखी मृतात्म्यांच्या देवांना वाहिल्याची ओळ. खाली, 'पाथरवट अमरांतुस याला. इथे निघून गेला.' आणि मग, 'गायुस पापिउस रुल्लुस याने उभारला.'

थल्लूसाने वाचलं आणि म्हणाली, "'निघून गेला' हे अंथरुणात गेलेल्याला लिहितात. धक्क्यावर कुठलं अंथरूण? लोक हसतील."

"मग तू काय लिहिशील?"

"ते मी कसं सांगू. चौकशीत जे लिहिलं होतं ते तुम्हाला माहीत आहे."

रुल्लुसने एपाफ्राकडे पाहिलं. एपाफ्रा म्हणाला, "ओक्किदित. पडला, असं होतं."

"तेच हवं," रुल्लुस म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "पडला. हा शब्द दगडातच कोरलेला बरा. म्हणजे ह्यापुढे कुणाच्या तोंडी दुसरं काही यायला नको. बरोबर आहे की नाही, बाई?"

"तुमचा शब्द आहे मालक. माझं काम अक्षरांचं."

रुल्लुसने पाटीवर स्वतःच्या हाताने शब्द बदलला आणि आपल्या अंगठीची मोहर उठवली. थल्लूसाने ती पाटी कापडात गुंडाळून फळीवर ठेवली.

ते गेल्यावर लुक्रिओने हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "मला वाटलं नव्हतं गं. तुझ्याच हाताने तू ते खोटं लिहिणार?"

"तू काप. मी आखते."

बाजारात तिच्यावर बोलणी सुरू झाली. खारवलेल्या मासळीची टोपली घेऊन बसणारी एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काही बायका नवऱ्याचं रक्तसुद्धा रंग म्हणून वापरतात." थल्लूसाने तिच्याकडून दोन मासे घेतले, पैसे दिले आणि निघून आली.

देवांच्या ओळीखाली दगडावर ओळी अशा पडल्या. अमरांतुस पाथरवट, ही एक ओळ. तिच्याखाली 'इथे ओक्किदित'. तिच्याखाली रुल्लुसचं पूर्ण नाव. सगळ्यात शेवटी 'उभारला'. दगडावर दोन वाक्यांमध्ये रेघ नसते, विराम नसतो. एक वाक्य कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. इथे मेला. रुल्लुसने उभारला. असं वाचलं तर ठीक. पण मधल्या शब्दातली ई लांबवली, तर रुल्लुसचं नाव खालून उठून वरच्या शब्दाला जाऊन चिकटतं. इथे मारलं रुल्लुसने. मग 'उभारला' एकटंच राहतं, आणि ज्याने मारलं त्यानेच दगड उभारला एवढं सांगतं.

लुक्रिओ अक्षरं कापत असताना त्याला एक गोष्ट खटकली. "ह्या ओळीच्या वर इतकी जागा का सोडलीस? तू कधी अशी सोडत नाहीस."

"मला लागणार आहे."

लुक्रिओने आपल्या चांगल्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण तिला तो ओळखत होता. "मला काही सांगू नकोस," तो म्हणाला. "मला विचारतील तेव्हा मला खरंच माहीत नसलं पाहिजे."

"म्हणूनच सांगत नाही."

एपाफ्रा दगड तपासायला आला. त्याने एकेक अक्षर पाटीशी ताडून पाहिलं. सगळी एका उंचीची, सरळ, देखणी. "ओळी जरा लांब-लांब पडल्यात," तो म्हणाला.

"पडावावरून वाचता यायला हव्यात ना."

ते त्याला पटलं. दगड धक्क्यावर नेऊन, खड्ड्यात पक्का रोवून, वर कापड टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी समारंभ.

त्या दिवशी सकाळी थल्लूसा टोपली घेऊन गेली. राखणदार तिला ओळखत होता. अक्षरांत शेवटचा लाल हिंगूळ भरायचा राहिला आहे, हे त्याला सांगितलेलं होतं. ती कापडाच्या आत शिरली. टोपलीत कुंचला होता, हिंगुळाची वाटी होती, आणि तळाशी चिंधीत गुंडाळलेली अमरांतुसची बारीक छिन्नी. आयुष्यभर तिने अक्षरं आखली होती, एकही कापलं नव्हतं. पण अकरा वर्षं तिने त्याचा हात पाहिला होता. तिने त्या शब्दातल्या मधल्या काठीच्या डोक्यावर छिन्नी टेकवली आणि टोला दिला. राखणदाराने बाहेरून विचारलं, "काय गं?"

"कडा साफ करते."

काठी दोन बोटं उंच व्हायला तिला बराच वेळ लागला. तिची रेघ अमरांतुससारखी सरळ नव्हती, वरच्या टोकाला किंचित झुकली. तिने सगळ्या अक्षरांत रंग भरला आणि त्या काठीत दोनदा भरला.

दुपारी सगळं गाव आलं. पितरांचे दिवस होते, लोक आपापल्या थडग्यांवर वाइनमध्ये भिजवलेली भाकरी, मीठ आणि जांभळी फुलं वाहून परतत होते. रुल्लुसने डुकराच्या मांसाचे सुके तुकडे आणि मध घातलेली वाइन वाटली होती, त्यामुळे न येणारेही आले. पुजाऱ्याने दगडावर दूध ओतलं, मंत्र म्हटले. मृतात्म्यांना जागा अर्पण झाली. कापड निघालं.

नव्या दगडाचा मजकूर पहिल्यांदा वाचायचा मान दवंडीवाल्याचा. हा दवंडीवाला पन्नाशीचा, दूरचं कमी दिसणारा. दगडाच्या अगदी जवळ जाऊन, ओळीवर बोट ठेवून तो वाचायचा. आवाज मात्र असा की पलीकडच्या काठावरच्या गाईंनी मान वर करावी. तोही मिनातिउस गुरुजींच्या शाळेतला. ऱ्हस्व-दीर्घापायी त्याने तळहातावर जितक्या छड्या खाल्ल्या, तितक्या त्या शाळेत कुणी खाल्ल्या नसतील.

त्याने देवांची आणि अमरांतुसच्या नावाची ओळ वाचली. पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. बोट त्या उंच काठीपाशी आलं आणि थांबलं. मग त्याने श्वास घेतला आणि जसं लिहिलं होतं तसं वाचलं.

"इथे ओक्कीदित गायुस पापिउस रुल्लुस."

पुढचा शब्द त्याने वाचला की नाही हे कुणाला आठवत नाही. रुल्लुसच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, त्याला समजायला थोडा वेळ लागला.

"काय वाचलंस?" तो म्हणाला.

"जे आहे ते, मालक," दवंडीवाला म्हणाला. "ई उंच आहे. उंच ई मी लांबच वाचतो. माझ्या हाताला विचारा." त्याने हे मुद्दाम केलं की सवयीने झालं, हे त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

गर्दीत मागे कुणीतरी ती ओळ पुन्हा म्हटली, हळूच. मग आणखी कुणी. ज्यांना वाचता येत नव्हतं ते शेजाऱ्यांना विचारू लागले. आणि मग धक्क्यावर काम करणारा एक जण, सात वर्षं ज्याने तोंड उघडलं नव्हतं असा एक केस पिकलेला हमाल, पुढे आला आणि दगडाकडे बघत म्हणाला, "दोनदा मारलं. कानामागे. पहिल्यांदा मारलं तेव्हा तो गुडघ्यावर आला होता."

"गप बस," मुकादम विबिदिउस म्हणाला.

"सात वर्षं बसलो की. खाली पडावावर मी होतो. तो दोर तुटला असता तर तो दगड माझ्यावर आला असता."

रुल्लुस थल्लूसाकडे वळला. ती दगडाशेजारीच उभी होती, बोटांवर हिंगूळ सुकलेला. "हे तू केलंस."

थल्लूसाने टोपलीतून पाटी काढली आणि एपाफ्राच्या हातात दिली. "एक अक्षर कमी-जास्त असेल तर दाखवा. शब्द मालकांनी स्वतः लिहिलाय, मोहर आहे. मी फक्त एक अक्षर जरा उंच काढलं. सुंदर दिसतं म्हणून काढतात."

एपाफ्राने पाटी पाहिली. ती तिला परत दिली. तो हुशार माणूस होता. त्या उन्हाळ्यात त्याने दुसरीकडे नोकरी धरली.

खटला झाला नाही. रुल्लुसच्या बायकोचा भाऊ अजून न्यायाला बसत होता. पण मतदान झालं आणि धक्क्याच्या वस्तीतून रुल्लुसला एकही मत पडलं नाही. कुंभारांच्या वस्तीतून, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच माणसांतून, मोजकी पडली. भिंतींवर त्याच्या नावाच्या जाहिराती होत्या, त्यांच्यावर कुणीतरी कोळशाने फक्त एक उंच काठी ओढून ठेवली. त्याला रस्त्यात नमस्कार करताना लोक त्यात एखादा शब्द उगाच लांबवायचे. दुसरं काही म्हणायचे नाहीत. त्यावरून कुणाला शिक्षा करणार?

मतदानानंतर तो एकटाच दुकानात आला. बसला नाही.

"ते अक्षर कापून टाक."

"दगडातून काढता येतं मालक. घालता येत नाही. वरचं टोक तासलं तर तिथे खड्डा पडेल आणि सगळे त्या खड्ड्याकडेच बघतील."

"मग दगडच काढून टाकीन."

"मृतात्म्यांना वाहिलेला आहे. तुम्हीच वाहिला, पुजारी साक्षीला होता. हात लावलात तर तुमच्यावर दोष येईल. आणि लोक म्हणतील, त्यात खोटं होतं तर काढला कशाला?"

रुल्लुसचा आवाज बारीक झाला. "मी तुझ्यावर फिर्याद करीन. चाबकाने सोलून काढीन."

"करा," थल्लूसा म्हणाली. "फिर्यादीत मी काय लिहिलं ते तुम्हाला न्यायासनासमोर मोठ्याने वाचावं लागेल. ऱ्हस्व वाचलंत तर माझा गुन्हाच नाही. दीर्घ वाचलंत तर तुम्ही स्वतःच म्हणालात. आत्ता, इथे, माझ्यासमोर म्हणून बघा. सराव होईल."

तो तसाच उभा राहिला. त्याचे ओठ हलले. मग तो वळून गेला. लुक्रिओ मागच्या खोलीत होता. तो म्हणतो, थल्लूसा नंतर खाली बसली आणि पोटातून हसली, इतकं वाईट हसू त्याने कधी ऐकलं नव्हतं.

रुल्लुसने त्या अक्षराच्या उंच टोकात चुना भरून घेतला. लाल अक्षरांत पांढरा ठिपका लांबूनही दिसायचा. आणि पुरात चुना वाहून गेला की थल्लूसा कुंचला घेऊन यायची आणि हिंगूळ भरायची. सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या. असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा त्याने माणूस पाठवला नाही. पुढे तो गाव सोडून डोंगराकडच्या शेतावर राहायला गेला, आणि त्या समारंभानंतरच्या तिसऱ्या वर्षी तिथेच तापाने गेला. घरच्यांनी थडग्याचा दगड कापुआहून करून आणला. त्यावर 'निघून गेला' असं होतं. थल्लूसा अर्धा दिवस चालून तो बघायला गेली. "अक्षरं बरी आहेत," ती परत आल्यावर म्हणाली. "गोलांची पोटं रिकामी."

तिच्या दुकानाला मोठ्या घरांनी काम देणं बंद केलं. हमाल, कोळिणी, न्हावी, स्नानगृहातले भट्टीवाले यायचे, त्यांच्यावर तिचं भागायचं. मात्र लोक तिला थोडं घाबरू लागले. एकदा एक बाई आली, मुलगी बाळंतपणात गेलेली. म्हणाली, दगडावर जावयाच्या नावापुढे ती उंच काठी काढून दे.

"त्याने मारलं?" थल्लूसाने विचारलं.

"त्याच्यामुळेच गेली. तो नालायक आहे."

"नालायक असेल. तू बघितलंस का मारताना?"

बाई अंगणातल्या दगडांकडे बघू लागली.

"मी बघितलं होतं," थल्लूसा म्हणाली, आणि मुलीच्या दगडावर 'आपला दिवस गाठला' असं लिहून दिलं.

लुक्रिओने म्हातारपणी तिला विचारलं, आता तरी जीव शांत झाला का. ती मेणपाटी घासत बसली होती. म्हणाली, "तो सात वर्षं सुखाने झोपला. मला त्याची तीनच वर्षं खराब करता आली." मग तिने पाटी उजेडाकडे धरली, मेण सपाट झालं का ते पाहिलं, आणि दुसरी पाटी घेतली.